डाव्या बटणाची प्रतीक्षा

साबणाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला घरी साबण लावावा लागत नाही, असा आमच्या ताईचा जुना विनोद आहे. वास कपड्यांतून जात नाही, केसांतून जात नाही, डब्यातल्या जेवणालाही थोडा लिंबाचा आणि थोडा सोड्याचा वास येत राहतो. त्या मानाने माझी जागा स्वच्छ. दोन नंबरच्या लाइनच्या वर एक काचेची केबिन, तिच्यात चार स्क्रीन, एक खुर्ची आणि एक कुरकुरणारा एसी. खाली साबण शिजतो, वाळतो, लांब कांडी होऊन बाहेर येतो, कापला जातो, प्रेसखाली जाऊन त्याच्यावर छाप बसतो आणि मग तो कागदात गुंडाळला जातो. यातलं काय कधी सुरू व्हायचं, किती तापायचं, कुठे थांबायचं, हे सगळं कॉम्प्युटर ठरवतो. आणि कॉम्प्युटरने काय ठरवायचं ते मी ठरवतो.

ही नोकरी मला दाजींमुळे मिळाली. दाजी म्हणजे ताईचे यजमान. त्याच लाइनच्या प्रेसवर ते बावीस वर्षं ऑपरेटर होते, आणि बावीस वर्षांत त्यांचा एकदाही लेटमार्क नव्हता. कारखान्यात कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर बाकीच्यांनी नाकं मुरडली. दाजी मात्र मॅनेजरकडे गेले आणि माझ्यासाठी शब्द टाकून आले. मी लागल्यापासून रोज सकाळी सातला शिफ्ट सुरू करताना ते वर काचेकडे बघून ओरडायचे, "काय साहेब, आज काय म्हणतोय तुमचा कॉम्प्युटर?" सगळी लाइन हसायची. मीही हसायचो. ते 'साहेब' मला आवडायचं, हेही कबूल करतो.

आता मी काय केलं ते सांगतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे मी पुन्हा कुठलातरी आडोसा शोधीन.

प्रेसला जाळीचं एक दार आहे. दाराला एक छोटा सेन्सर आहे. दार उघडं असेल तर प्रेस खाली येत नाही. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर प्रेसला अडवतो. साबणाची वडी आत अडकली की लाइन आपोआप थांबते, ऑपरेटर दार उघडतो, हात घालून वडी काढतो, दार लावतो, लाइन सुरू. दाजींनी हे किती हजार वेळा केलं असेल, देव जाणे.

त्या दिवशी सकाळी दार खडखडत होतं. नीट लावलेलं असूनही सेन्सर मध्येच 'उघडं, उघडं' म्हणायचा आणि लाइन थांबायची. मॅनेजर दर दहा मिनिटांनी फोन करत होता. अशा वेळी आमच्या धंद्यात एक सोय असते. सेन्सर काहीही म्हणो, दार बंदच आहे असं कॉम्प्युटरला दटावून सांगता येतं. याला फोर्स करणं म्हणतात. दोन क्लिकचं काम. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळा त्रिकोण लुकलुकायला लागतो, बस्स. तपासणी झाली की फोर्स काढायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी नऊ वाजता फोर्स लावला, फिटरला दार बघायला सांगितलं, आणि मीटिंगला गेलो. मीटिंगहून आलो, चहा घेतला, आणि विसरलो. पिवळा त्रिकोण माझ्यासमोर लुकलुकत होता. डोळ्यांना त्याची सवय झाली होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी एक वडी अडकली. दाजींनी दार उघडलं, उजवा हात आत घातला, वडी ओढली. मागची वडी तिच्या जागेवर सरकली. कॉम्प्युटरला वडी दिसली आणि दार बंद दिसलं. प्रेस खाली आला.

दाजी ओरडले नाहीत. ओरडली पॅकिंगवरची बाई. मी काचेतून खाली बघितलं आणि मला सगळं एका क्षणात कळलं. प्रेस वर घ्यायचं बटण माझ्याच स्क्रीनवर होतं. पण माझा हात आधी तिथे गेला नाही. तो आधी पिवळ्या त्रिकोणाकडे गेला. दोन क्लिक. त्रिकोण गेला. मग मी प्रेस वर घेतला. नंतर मी हिशेब केला आहे: मधे चार सेकंद गेले.

दाजींचा उजवा हात मनगटापासून गेला. आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये फोर्सची नोंद होत नसे. त्यामुळे चौकशीत सेन्सर चांगला निघाला, फिटरने सकाळीच आवळलेलं दार चांगलं निघालं, प्रोग्रामही चांगला निघाला. दाजींच्या ड्रॉवरमध्ये एक लोहचुंबक सापडलं. मशीनखाली पडलेले स्क्रू उचलायला ते वापरायचे, हे सगळ्या लाइनला ठाऊक होतं. पण चुंबक लावून सेन्सरला फसवता येतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मॅनेजर म्हणाला, "एका हाताने टाळी वाजत नाही. त्यांनीही काहीतरी केलं असणारच." म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो खोकला. मी मूग गिळून बसलो. प्राथमिक अहवालात लिहिलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' खाली तिघांच्या सह्या. त्यातली एक माझी. शेवटचा निर्णय कारखाना निरीक्षक येऊन देणार होते. त्यांनी अहवाल कायम केला की दाजींची नोकरी जाणार होती, आणि नोकरीपेक्षाही मोठं म्हणजे, बावीस वर्षांचं त्यांचं नाव त्या दोन शब्दांखाली गाडलं जाणार होतं.

ताईकडे मी रोज जात होतो. फळं नेत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; माझ्या मनात तर दिवसाढवळ्या लख्ख उजेड पडला होता. ताई म्हणायची, "तू होतास म्हणून प्रेस लगेच वर तरी आला रे." मी मान खाली घालून फळं धुवायचो.

अपघातानंतर तीन आठवड्यांनी प्रेसवर नवी व्यवस्था आली. दोन्ही बाजूंना खांद्याएवढ्या अंतरावर एकेक मोठं, घुमटासारखं, स्टीलचं बटण. थांबलेला प्रेस सुरू करायचा तर दोन्ही तळहातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची. म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. चालू प्रेसवर कुणी एकच बटण दाबलं तर प्रेस थांबतो आणि स्क्रीनवर ओळ येते. ती ओळ मीच लिहिली होती. उजवं दाबलं तर: 'उजवं बटण दाबलं. डाव्या बटणाची प्रतीक्षा.' या वेळी प्रत्येक गोष्टीची नोंद होईल अशी काळजी मी घेतली होती. फोर्सचीसुद्धा. उशिरा सुचलेलं शहाणपण.

आठवड्याचा अहवाल काढला तेव्हा ती ओळ त्यात सहा वेळा होती. सोमवार ते शनिवार. वेळ प्रत्येक दिवशी अकरा दहा. दाबून ठेवल्याचा काळ चार सेकंद.

मी खाली जाऊन नव्या ऑपरेटर बाईंना विचारलं.

"मी नाही दाबत," त्या म्हणाल्या. "प्रेस आपला आपणच थांबतो. मी तेव्हा पाणी प्यायला जाते."

"का?"

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तेव्हा इथे उभं राहवत नाही," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

बटणात ओल गेली असेल, मी म्हटलं. साबणाच्या कारखान्यात ओल कुठेही जाते. फिटरने बटण बदललं. दुसऱ्या दिवशी अकरा दहाला ओळ आली. तार बदलली. ओळ आली. तारेचा निरोप कॉम्प्युटरला देणारं कार्ड बदललं. ओळ आली. शेवटी फिटरने बटणापासून तार सोडवली आणि तिचं मोकळं टोक हातात धरून तो माझ्याकडे बघत उभा राहिला. अकरा दहाला कार्डवरचा हिरवा दिवा लागला, चार सेकंद राहिला, विझला.

"साहेब, ही तार कशालाच जोडलेली नाही," तो म्हणाला. त्याने टोकाला चिकटपट्टी गुंडाळली, हत्यारं पेटीत भरली आणि त्या लाइनवर पुन्हा कधी आला नाही. दुसऱ्याने येऊन तार परत जोडली.

त्या रविवारी ताईकडे दाजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. गेलेला हात दुखतो असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बोटं वळवळल्यासारखी वाटतील, खाज येईल, घाबरू नका.

"दुखत नाही फारसं," दाजी म्हणाले. "पण रोज एक वेळ येते. गार लागतं तळहाताला."

"घड्याळ लावल्यासारखं," ताई म्हणाली. "माझी भाजी चिरायची वेळ. हे एकदम उठून बसतात."

"गार म्हणजे?" मी विचारलं.

दाजींनी डावा हात पुढे करून हवेत पालथा धरला आणि बोटं थोडी वाकवली. "असं. मोठ्या संत्र्याचं अर्धं कापून ठेवावं एवढं. गुळगुळीत. दाबलं की आत जातं. आणि मग वाट बघतोय असं वाटतं."

"कसली वाट?"

"दुसऱ्या हाताची." ते ओशाळून हसले. "एकदा डावा हात दाबून बघितला मी, या उशीवर. काही होत नाही."

नवी बटणं दाजींनी बघितली नव्हती. त्यांच्याबद्दल घरी मी एक शब्द काढला नव्हता. काढणार कोणत्या तोंडाने? मी चहा अर्धा टाकून उठलो. जिन्यात कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. माणूस म्हणून मला तिथेच परत वर जाऊन सगळं सांगता आलं असतं. मी घरी गेलो.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर केबिनमध्ये आला. रोज अकराला लाइन थांबते, पुन्हा लय लागायला दहा मिनिटं जातात, निरीक्षक सोमवारी येणार आहेत आणि त्यांच्यासमोर हा तमाशा नको, असं सगळं एका दमात म्हणाला. मग खांद्यावर हात ठेवून हळूच बोलला, "फोर्स करून टाक ना. उजवं बटण दाबलेलंच नाही असं सांग त्याला. पूर्वी करायचासच की."

मी त्याच्याकडे बघितलं. तो एसीकडे बघत होता.

शनिवारी पावणेअकराला मी फोर्स लावला. दोन क्लिक. कोपऱ्यात पिवळा त्रिकोण लुकलुकायला लागला. मग मी खाली गेलो. ऑपरेटर बाई पाणी प्यायला गेल्या होत्या. मी प्रेससमोर उभा राहिलो. वड्या येत होत्या, छाप बसत होता, पुढे जात होत्या. गरम साबणाचा वास, पट्ट्याची करकर, पायाखाली नेहमीचा निसरडेपणा. सगळं रोजचं.

अकरा दहाला उजवं बटण खाली गेलं.

मी दोन फुटांवर होतो. कुणीही नव्हतं. स्टीलचा घुमट सावकाश आत गेला आणि तिथेच राहिला. त्यावर साबणाची पांढरी पूड बसलेली होती. ती तळहाताएवढ्या जागेत दबली गेली.

प्रेस थांबला.

एक, दोन, तीन, चार. बटण वर आलं.

मी जिना कसा चढलो आठवत नाही. कोपऱ्यातला त्रिकोण नव्हता. नोंदीत दोन ओळी होत्या. 'उजवं बटण दाबलं. डाव्या बटणाची प्रतीक्षा.' आणि तिच्या बरोबर आधीची: 'फोर्स काढला.' कुणी काढला या रकान्यात माझं नाव होतं. केबिनला मी कुलूप लावून गेलो होतो.

रविवारी कारखाना बंद असतो. मेन स्विच पाडलेला असतो. मी अकराला ताईकडे पोचलो. काय बोलायचं त्याची वाक्यं रस्ताभर जुळवली होती. बूट काढताना सगळी गेली.

ताई चहा ठेवायला आत गेली. दाजी टेबलाशी बसले होते, उजवी बाही मनगटापाशी दुमडून शिवलेली. टेबलावर भाचीची वही आणि पेन पडलं होतं. मी समोर बसलो आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"उद्या मलाही बोलावलंय," दाजी म्हणाले. "मी सांगून टाकणार. चुंबक माझंच होतं. मीच लावून विसरलो असेन."

"तुम्हाला आठवतं तसं?"

"नाही आठवत. पण इतकी माणसं म्हणतायत. दारावर माझा भरवसा होता, आणि दार तर चांगलं निघालं. मग चूक माझीच ना?" त्यांनी पेन वहीवर नीट ठेवलं. "एक विचारू? राग नको धरूस. हात अडकला तेव्हा मी वर बघितलं. तुला हाक मारायची होती. तू स्क्रीनकडे बघत होतास. काय बघत होतास रे?"

शरमेने माणूस जमिनीत गडप होतो म्हणतात, होत नाही. तो खुर्चीवरच बसून राहतो.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले. दाजींनी डोळे मिटले.

"आलं," ते म्हणाले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "आज गार नाहीये."

"कारखाना बंद आहे, दाजी."

"गरम आहे. घाम आलाय." ते डोळे मिटूनच बोलत होते. "हात आहे हा. कुणाचा तरी."

माझ्या उजव्या हातावर वजन आलं होतं.

जोर नव्हता त्यात. वडीलधाऱ्या माणसाने समजावताना हात ठेवावा, तेवढंच. मी हात ओढला. हलला नाही.

मी मनात मोजलं. चार झाले. आठ झाले. वीस झाले.

"सोडू का?" दाजींनी विचारलं.

त्यांनी सोडला असता तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो. मला मी माहीत आहे.

"नका सोडू," मी म्हणालो.

आणि सांगितलं. खडखडणारं दार, फोर्स, मीटिंग, चहा, पिवळा त्रिकोण, आधीचे दोन क्लिक, नंतरचा प्रेस, चार सेकंद, सही. काही गाळलं नाही. दाजींनी डोळे उघडले नाहीत. एकदाच त्यांचा जबडा हलला, चार सेकंदांच्या वेळी.

ताई ट्रे घेऊन दारात उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक, पण कपांतल्या चहावर साय धरली होती. तिने ट्रे टेबलाच्या कडेला ठेवला, वहीतलं एक पान फाडलं, माझ्यासमोर सरकवलं आणि पेन माझ्या डाव्या हातात दिलं. उजवा का नाही, हे तिने विचारलं नाही.

"लिही," ती म्हणाली.

मी डाव्या हाताने लिहिलं. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं, ओळी खाली घसरत गेलेल्या. पान पुरेना तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. सही केली. ती माझी सही वाटत नव्हती, पण तिच्याखाली ताईने स्वतःची केली, साक्षीदार म्हणून. मग तिने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि आत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला.

दाजींनी डोळे उघडले. डाव्या हाताने कप उचलून ते गार चहा प्यायला लागले. त्यांचा चेहरा दमलेला होता, पण खांदे खाली आले होते. उद्या निरीक्षकांसमोर ते ताठ बसतील हे मला दिसत होतं.

"सोडलात ना, दाजी?" मी विचारलं.

"केव्हाच," ते म्हणाले. "तू लिहायला घेतलंस तेव्हाच."

मी टेबलावरच्या माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. पुन्हा ओढून बघितला. वरचं वजन तसंच होतं, आणि आता ते हळूहळू गार पडत होतं.